लखनौची जन्माष्टमी आणि आपल्या दारातले मीटर

१२ ऑगस्ट २०२० हा बुधवार होता आणि लखनौत जन्माष्टमीची सुट्टी होती. करोनामुळे मंदिरांत गर्दी करायला मनाई, म्हणून कृष्णजन्माच्या झांक्या त्या वर्षी घराघरांतच मांडल्या गेल्या होत्या. दुपार कलली आणि शहरातल्या असंख्य घरांची वीज एकाएकी गेली. ऑगस्टातला उकाडा लखनौला नवा नाही, वीज जाणेही नवे नाही. पण हा प्रकार लोकांना उमगेना. रोहित्र शाबूत होते, फीडर चालू होता, समोरच्या घरातला पंखा गरगरत होता. वीज गेली होती ती फक्त स्मार्ट मीटर बसवलेल्या घरांची. आणि त्यांतही सगळ्यांची नव्हे, काहींची.

राज्यभरातला आकडा बाहेर आला तो सुमारे १ लाख ५८ हजार ग्राहकांचा. उत्तर प्रदेशात तोवर दहा लाखांहून अधिक स्मार्ट मीटर लागले होते. केंद्र सरकारच्या ‘ईईएसएल’ या कंपनीकडे तिथे ४० लाख मीटर बसवण्याचे काम होते. म्हणजे बसवलेल्या मीटरांपैकी बहुसंख्य ठीक होते आणि एक मोठा तुकडा बंद पडला होता. कारण सांगितले गेले ते एवढेच, की मध्यवर्ती संगणक यंत्रणेतून पुरवठा तोडण्याची चुकीची आज्ञा मीटरांकडे गेली. बऱ्याच घरांत काही तासांत वीज परतली, पण अनेकांची रात्र अंधारात गेली आणि काहींना दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली. तेव्हाचे ऊर्जामंत्री श्रीकांत शर्मा यांनी चौकशीचे आदेश दिले, तपास पोलिसांच्या विशेष कृती दलाकडे गेला आणि राज्यात नवे स्मार्ट मीटर बसवणे थांबवण्यात आले.

लखनौसह मध्य उत्तर प्रदेशाला वीज पुरवणाऱ्या मध्यांचल विद्युत वितरण निगमचे मुख्यालय गोखले मार्गावर आहे. मराठी वाचकाला वाटेल, आपला संबंध तेवढाच. तसे नाही. महावितरणने २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटरांची कंत्राटे दिली. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांवर प्रीपेड मीटरची सक्ती होणार नाही, अशी घोषणा झाली. मीटर मात्र येतच राहिले, आता ‘टीओडी मीटर’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दराचे मीटर) या नावाने आणि महिनाअखेरच्या बिलासह. बिल आधी घ्यायचे की नंतर, हा हिशेबाचा प्रश्न आहे. लखनौत जे घडले ते हिशेबाच्या पद्धतीमुळे घडले नव्हते. दूरवरच्या लाखो उपकरणांवर एका जागेवरून नजर ठेवायची आणि त्यांना आज्ञाही द्यायची, अशी यंत्रणा उभी केल्यावर तिचा काही भाग बिघडला तर काय, हा प्रश्न तिथे उभा राहिला. तो पुण्यातही आहे, परभणीतही आहे.

जुना मीटर आकडे दाखवायचा आणि गप्प बसायचा. स्मार्ट मीटर मोबाइलसारखे सिमकार्ड किंवा रेडिओ संच घेऊन बसतो, ठरावीक वेळाने वापराची नोंद पाठवतो आणि त्याच्या पोटात पुरवठा तोडणारा-जोडणारा एक स्विच असतो. या मीटरांशी बोलणारा एक सर्व्हर, आलेली माहिती साठवून पडताळणारी दुसरी यंत्रणा आणि बिल काढणारी तिसरी, अशी साखळी असते. मीटर एका कंपनीचा, सिम दुसरीचे, सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर तिसरीचे आणि बिलाची प्रणाली वीज कंपनीची स्वतःची, असा सगळा एकत्र संसार. साखळीतल्या प्रत्येकाने आपापली कडी तपासलेली असते. दोन कड्या जिथे अडकतात ती जागा कोणाच्याच यादीत नसते.

आणखी एक विषमता इथे लक्षात घ्यायला हवी. तोडण्याची आज्ञा चुकून गेली तर ती ज्यांच्यापर्यंत पोहोचते त्यांची वीज जाते, संपले. जोडण्याची आज्ञा मात्र त्या प्रत्येकापर्यंत, एकही न वगळता, पोहोचावी लागते. ज्या मीटरला त्या क्षणी सिग्नल नाही, ज्याचा संदेश रांगेत अडकला, ज्याने ‘मिळाले’ असे कळवले पण स्विच हलवला नाही, तो घरमालकाला अंधारातच ठेवतो. दीड लाखांपैकी शंभरातल्या एका मीटरने जरी दाद दिली नाही, तरी दीड हजार घरांकडे माणूस पाठवावा लागतो. आणि स्मार्ट मीटर आल्यावर माणसेच लागणार नाहीत, या हिशेबावर तर सगळी योजना उभी असते!

सगळेच बंद पडले की निदान सोपे असते. वीज नाही, सर्व्हर पडला, तार तुटली. काहीतरी एक सापडते. फक्त काही बंद पडले की खरी परीक्षा. दहातली आठ उपकरणे नीट चालत असतील तर मुख्यालयात बसलेल्याला वाटते, सॉफ्टवेअर बरोबरच आहे, त्या दोन ठिकाणीच काहीतरी गोंधळ असेल. तिथल्या माणसाने काहीतरी केले असेल. अशा वेळी तपासाची दिशा पहिल्याच पावलावर चुकते.

जगभरातली उदाहरणे याच्या उलट बोलतात. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या, संगणकांवर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल जगभर पाठवली गेली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. सव्वा तासाच्या या खिडकीत जे संगणक चालू आणि जोडलेले होते, ते निळा पडदा दाखवून कोसळले. जे बंद होते ते बचावले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना फटका बसला, आणि विंडोजवर चालणाऱ्या सगळ्या संगणकांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनने लिहिलेले बोर्डिंग पास आले. बिघाडाचे मूळ निघाले ते असे, की नव्या फाइलला २१ माहिती-घटक अपेक्षित होते आणि मूळ प्रोग्राम २०च देत होता. वाचला तो संगणक गुणवान नव्हता, पडला तो सदोष नव्हता. वेळ तेवढी निराळी होती. दुरुस्तीची तऱ्हाही लखनौसारखीच. कोसळलेला संगणक दुरून आलेली आज्ञा ऐकण्याइतका सुरूच होत नसल्याने तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

त्याआधी ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ‘ओटू’ या मोबाइल कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांचे इंटरनेट दिवसभर बंद राहिले, जपानमध्ये सॉफ्टबँकचे ग्राहकही अडकले. ‘एरिक्सन’ने पुरवलेल्या यंत्रणेतले एक डिजिटल प्रमाणपत्र त्या दिवशी कालबाह्य झाले होते. एरिक्सनची यंत्रे जगभर होती. बंद पडली ती सॉफ्टवेअरच्या विशिष्ट दोन आवृत्त्या चालवणारीच. लंडनच्या थांब्यांवरचे ‘पुढची बस किती मिनिटांत’ सांगणारे फलकही गोंधळले, कारण तेही त्याच जाळ्यावर होते. पुढच्या वर्षी ६ एप्रिलला जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीअंक १०२४ ची मर्यादा गाठून पुन्हा शून्यावर आला. ही तारीख जगाला वर्षानुवर्षे ठाऊक होती. बहुतेकांनी तयारी केली होती. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी बिनतारी जाळ्याने केली नव्हती, आणि ते पुढचे काही दिवस कोलमडले.

प्रमाणपत्राची मुदत, घड्याळ, सॉफ्टवेअरची आवृत्ती, त्या क्षणी चालू असणे वा नसणे. यांतले काहीही उपकरणाकडे नुसते पाहून दिसत नाही. म्हणून चांगला अभियंता अशा वेळी दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन याद्या करतो, चालणाऱ्यांची आणि न चालणाऱ्यांची, आणि त्यांच्यातला फरक शोधतो. बंद पडलेले सगळे एकाच खेपेत बसवले होते का? एकाच कंपनीच्या सिमवर आहेत का? सगळे तळघरातल्या लोखंडी पेटीत आहेत का? त्यांच्या घड्याळात आणि सर्व्हरच्या घड्याळात अंतर पडले आहे का, की ज्यामुळे त्यांनी पाठवलेली नोंद ‘भविष्यातली’ म्हणून नाकारली जाते? सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक अनुभव पक्का माहीत असतो: तपासणीचा प्रोग्राम स्वतः बसून चालवला की बिनतक्रार चालतो आणि रात्री आपोआप चालायला ठेवला की काही यंत्रांवर मुकाट्याने मरतो. कारण आपोआप चालताना तो वेगळ्या खात्यावरून, वेगळ्या परवानग्यांसह चालतो. त्याला जे फोल्डर दिसायला हवे ते दिसतच नाही. माणूस बघायला बसला की दोष दिसत नाही, म्हणून तक्रार खोटी ठरवली जाते. तक्रार खरी असते. बघण्याची पद्धत चुकलेली असते.

लखनौच्या प्रकरणात हीच यादी जाहीर व्हायला हवी होती. दहा लाखांतले दीड लाखच का? ते एका बनावटीचे होते, एका विभागातले होते, की बिलाच्या प्रणालीत त्यांच्या नावापुढे काही खूण पडली होती? निलंबने, चौकश्या आणि आरोप यांच्या बातम्या भरपूर झाल्या. कोणत्या कडीने दगा दिला, हे देशातल्या इतर वीज कंपन्यांना शिकता येईल अशा भाषेत आणि तपशिलात लोकांसमोर मांडले गेले नाही. विमान पडले की अपघाताचा अहवाल प्रसिद्ध होतो, आणि तो जगभरचे वैमानिक वाचतात. दीड लाख घरांची वीज एका आज्ञेने जाणे हा त्याच तोडीचा प्रसंग नसेल, पण त्याचा अहवाल फाइलीत ठेवण्याइतका क्षुल्लकही नव्हता.

देखरेख यंत्रणेचा याहून घातक आजार म्हणजे स्वतः बंद पडूनही चालू असल्याचे भासवणे. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ओहायो राज्यात ‘फर्स्टएनर्जी’ या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमाराला धोक्याची सूचना देणारे सॉफ्टवेअर अडकले. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीला हात घालू पाहत होत्या आणि त्या ओढाताणीत प्रोग्राम गोल गोल फिरत राहिला. पडद्यावर लाल काही येईना. पडदा शांत आहे म्हणजे जाळे शांत आहे, असे कर्मचाऱ्यांनी मानले. थोड्याच वेळात दूरच्या उपकेंद्रांमधले काही संगणक-पडदे बंद पडू लागले. मग मुख्य सर्व्हर गेला, पाठोपाठ राखीव सर्व्हरही गेला. संगणक विभागाला त्याची आपोआप सूचना मिळाली, त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि काम झाले असे समजून ते मोकळे झाले. धोक्याची सूचना देणारा भाग तसाच अडकलेला होता आणि नियंत्रण कक्षाला याचे कोणी काही सांगितले नव्हते. तोवर तारा तापून, लोंबकळून, वाढलेल्या झाडांना टेकून एकेक वाहिनी बंद पडत होती. शेजारच्या कंपन्या फोन करून सांगत होत्या, की तुमची अमुक वाहिनी गेलेली दिसते. आपल्या पडद्यावर काहीच नाही, म्हणून त्या फोनवर विश्वास बसत नव्हता. चारच्या पुढे जाळे कोसळले आणि अमेरिका व कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. अमेरिका-कॅनडा संयुक्त कृती दलाने एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मिनिटामिनिटाचा वृत्तान्त आहे. आज जगात कुठेही असा नियंत्रण कक्ष उभारणारा माणूस तो अहवाल वाचतो, कारण तो वाचायला मिळतो.

लखनौनेही असा एक धडा आधी भोगलेला आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ या सलग दोन दिवशी उत्तरेचे वीजजाळे कोसळले. पहिल्या दिवशी सुमारे ३६ हजार आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारत धरून सुमारे ४८ हजार मेगावॉटचा भार गेला. कोणत्या राज्याने किती जादा वीज ओढली, यावर तेव्हा खूप गदारोळ झाला. चौकशी समितीने दाखवलेली आणखी एक गोष्ट त्यात दबली. जाळ्याची वारंवारता घसरली की उपकेंद्रांमधले काही रिले आपोआप भार कमी करून जाळे वाचवतात, अशी रचना होती. कागदावर हे रिले हजर होते. प्रत्यक्षात त्यांच्याकडून अपेक्षेइतका दिलासा मिळाला नाही.

थोडक्यात, दूरचे उपकरण ‘आहे’ आणि ‘चालते आहे’ यांत जे अंतर असते, ते मोजले नाही तर संकटाच्या दिवशीच कळते.

महावितरणची बिले वाचणाऱ्याला या अंतराची ओळख जुनीच आहे. रीडिंग मिळाले नाही की ‘सरासरी’ बिल येते आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम फरक वसूल होतो. तेव्हा दोष रीडिंग घेणाऱ्यावर, कुलूपबंद दारावर किंवा नाठाळ कुत्र्यावर जायचा. स्मार्ट मीटर गप्प बसला की दोष कोणाचा? सर्व्हरच्या दृष्टीने ‘वापर शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पण घाईत लिहिलेल्या प्रणालीत रिकाम्या रकान्यात शून्य भरले जाते. शून्याचे बिल आले की ग्राहक तक्रार करत नाही, आणि पुढे सगळे युनिट एकदम चढले की त्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘सिस्टीममध्ये तसे दिसत नाही’ हे वाक्य आजकाल बँकेपासून तलाठी कार्यालयापर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते उत्तर नसून तपासाला नकार आहे.

या नकाराची किंमत ब्रिटनच्या टपाल खात्याने जगाला दाखवली. १९९९ पासून देशभरच्या टपाल शाखांत ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक प्रणाली आली. काही शाखांत रोकड कमी भरू लागली. शाखा चालवणारे सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, प्रणालीत घोळ आहे. बाकीच्या हजारो शाखा ठीक चालल्या आहेत, मग तुमच्याकडेच कसा घोळ, हा त्यांना मिळालेला जबाब. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावातल्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने आज एक सॉफ्टवेअर-दोष ओळखला जातो. तो इतर शाखांतही होता, सगळ्या शाखांत नव्हता. म्हणूनच तो इतकी वर्षे नाकारता आला. नऊशेहून अधिक माणसे चोर ठरली, काही तुरुंगात गेली. ॲलन बेट्स आणि त्यांच्यासह ५५५ जण न्यायालयात गेले, डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणाली सदोष असल्याचा निकाल दिला आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ‘काही ठिकाणीच’ बिघडणाऱ्या सॉफ्टवेअरने माणसे कशी चिरडली जातात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

त्याच ब्रिटनने स्मार्ट मीटरांच्या बाबतीत मात्र एक बरी सवय लावून घेतली आहे. किती मीटर बसवले, यासोबत किती मीटर ‘स्मार्ट’ रीतीने काम करत नाहीत, हेही तिथे वेळोवेळी जाहीर होते. तिथल्या महालेखापालांनी जून २०२३ मध्ये सांगितले, की मार्च २०२३ अखेर सुमारे ३० लाख, म्हणजे ९ टक्के स्मार्ट मीटर नीट काम करत नव्हते. आकडा लाजिरवाणा आहे. पण तो आकडा आहे, आणि त्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो.

आपल्याकडे जाहिरात होते ती ‘बसवलेल्या’ मीटरांची. अमुक लाखांचा टप्पा पार, अमुक परिमंडल राज्यात पहिले. केंद्राने २०२१ मध्ये ३ लाख कोटी रुपयांहून मोठी सुधारित वितरण योजना आणली आणि त्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवले. तेव्हापासून भिंतीवर मीटर लागणे हेच यश मानले जाते. बसवलेल्यांपैकी काल किती मीटरांनी माहिती पाठवली, सलग आठवडाभर किती गप्प आहेत, किती जणांचा पुरवठा चुकून तुटला आणि तो जोडायला किती तास लागले, हे आकडे कंत्राटदाराच्या पडद्यावर रोज असायलाच हवेत. ते नसतील तर त्याने देखरेख यंत्रणा विकलीच कशी? असतील, तर ते झाकायचे कारण काय?

स्मार्ट मीटर नकोतच, असे म्हणणाऱ्यांशी हा लेख सहमत नाही. चोरी आणि गळती कुठे होते हे फीडरनिहाय, रोहित्रनिहाय कळायला हवे असेल, छतावरच्या सौरविजेचा हिशेब तासातासाने ठेवायचा असेल, दिवसाच्या स्वस्त विजेचा लाभ घरगुती ग्राहकाला द्यायचा असेल, तर जुन्या मीटरने भागणार नाही. विरोध आहे तो अपारदर्शक मीटरला. लखनौमध्ये लोकांचा संताप मीटरवर निघाला, खरे तर तो निघायला हवा होता सर्व्हरमागच्या निष्काळजी रचनेवर. एका क्षणात दीड लाख घरांची वीज तोडण्याची आज्ञा कोणतेही सॉफ्टवेअर विनातक्रार पार पाडते, याचा अर्थ त्यात मर्यादाच घातलेली नाही. एका वीज कंपनीला एका दुपारी इतक्या जोडण्या तोडायची गरज कधी पडेल? बँक एटीएममधून एका दिवसात ठरावीक रकमेपलीकडे पैसे काढू देत नाही. तसा आकडा ओलांडला की यंत्रणेने थांबावे आणि दोन अधिकाऱ्यांची संमती मागावी, हे लिहायला फार मोठी विद्या लागत नाही.

कायदाही इथे मदतीला आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तार तोडायला जनमित्र शिडी घेऊन यायचा तेव्हा त्याच्या हातात निदान एक यादी असायची, आणि ग्राहक पावती दाखवून त्याला दारातून परत पाठवू शकायचा. सॉफ्टवेअरला पावती दाखवता येत नाही. म्हणून नोटिशीची तारीख आणि थकबाकीची पडताळणी तोडण्याच्या आज्ञेलाच जोडलेली हवी. ती माहिती जुळली नाही तर आज्ञा सर्व्हरबाहेर पडताच कामा नये. आणि मीटरकडून तासभर संदेश आला नाही तर पडद्यावर शेवटची जुनी ‘सर्व ठीक’ खूण तशीच न ठेवता ‘माहीत नाही’ असे स्पष्ट दिसायला हवे. १४ ऑगस्ट २००३ ची ओहायोची दुपार अशा खुणेअभावीही हातची गेली.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे यासाठी नवे अधिकार मागायची गरज नाही. प्रत्येक परिमंडलातले संपर्कात नसलेले मीटर, चुकून झालेली तोडणी आणि पुन्हा जोडणीला लागलेला वेळ दर महिन्याला महावितरण, बेस्ट आणि खासगी परवानाधारकांनी संकेतस्थळावर टाकावा, असा आदेश आयोग देऊ शकतो. लखनौच्या चौकशीत नेमके काय निष्पन्न झाले, हे उत्तर प्रदेशाकडून अधिकृतपणे मागवून इथल्या कंत्राटदारांना त्याची उत्तरे द्यायला लावणे, हेही आयोगाच्या हातात आहे.

तोवर ग्राहकाने आपल्यापुरत्या तीन गोष्टी सांभाळाव्यात. मीटर बदलताना जुन्या आणि नव्या मीटरचे आकडे तारखेसह दिसतील असे फोटो, दर महिन्याला नव्या मीटरच्या पडद्याचा फोटो आणि केलेल्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मार्ट मीटरचे रीडिंग दिवसातून निदान एकदा दुरून घेतले गेले पाहिजे आणि ती माहिती ग्राहकाला पाहता आली पाहिजे. ती दिसत नसेल तर तीच पहिली तक्रार. आणि वापर फुगलेला वाटला तर फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीचा आधार घ्यावा: तक्रारीनंतर पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा आणि तो किमान तीन महिने ठेवायचा, असा नियम आहे. ‘सिस्टीममध्ये बरोबर दिसते’ असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागा आणि ते घेऊन ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा.